हमीदाखाला आणि न बसणारी गिऱ्हाइकं

हमीदाखालांनी कुणाला "काय पाहिजे?" असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. दुकानाच्या पायरीवर माणूस दिसला की एकच शब्द निघायचा, "बसा." मग तो पत्ता विचारायला आलेला असो, वर्गणी मागायला आलेला असो, नाहीतर माझ्यासारखी तावातावानं भांडायला आलेली असो. मी पहिल्यांदा भांडायलाच गेले होते.

त्यांचं गादी-रजईचं दुकान आणि माझा कॉम्प्युटर क्लास कारंज्याच्या जुन्या बाजारात शेजारी-शेजारी. मधे एका विटेची भिंत. पलीकडे रुई पिंजायचं मशीन सुरू झालं की इकडे माझ्या नऊ कॉम्प्युटरांवर पांढरी लव उतरायची. पुण्याच्या एका कंपनीत सहा वर्षं वेबसाइटी बनवून मी नुकतीच गावी परतले होते, दोन सुटकेसा आणि डोक्यात मावेना इतकं शहाणपण घेऊन. तणतणत गेले. म्हटलं, "खाला, तुमचं मशीन माह्ये कॉम्प्युटर खाऊन राह्यलं!"

"बस," खाला म्हणाल्या.

मी बसले. चहा आला. चहा संपेपर्यंत त्यांनी माझ्या आईचं माहेर, आमच्या वस्तीतल्या विहारात बसायच्या गाद्या त्यांच्याच यजमानांनी, गफूरचाचांनी, कशा भरून दिल्या ती हकीकत, आणि माझ्या कॉम्प्युटरांची लांबी-रुंदी हे सगळं काढून घेतलं किंवा सांगून टाकलं. चौथ्या दिवशी नऊ खोळी शिवून आल्या. फुलाफुलांच्या, नाडीच्या, आत पातळ रुई घातलेल्या. माझा क्लास बाळंतिणीच्या खोलीसारखा दिसायला लागला. भांडण कुठं गेलं कोण जाणे.

गफूरचाचा मी यायच्या चार वर्षं आधीच गेले. दुकान खाला एकट्या चालवत. मागच्या खोलीत टाके घालायला तीन बायका, आणि मधे ते अवाढव्य हिरवं मशीन. खाला स्वतः ठेंगण्या, नाकात चमकी, भुवयांवर कायम रुईचे तंतू. अर्धं आयुष्य मशीनच्या आवाजावर आवाज चढवण्यात गेलेलं, त्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा तीन दुकानं पलीकडे ऐकू जायची. "सुजा, कोणाले सांगू नको हं," असं त्या म्हणाल्या की समोरचे बांगडीवाले मान डोलवून "नहीं बोलता" म्हणायचे.

दिवेलागणीला शटर अर्धं ओढून त्या ओट्यावर बसायच्या आणि दिवसभराची माणसं मला सांगायच्या. गल्ल्यात किती जमले ते कधी सांगितलं नाही, माणसं मात्र नेमकी सांगायच्या.

"आज सतरा चढले. नऊ बसले. चौघं घेऊन गेले. अन ते मानोऱ्याची बाई हिरव्या रजईले दोनदा हात लावून गेली. ते परवा येईन."

परवा ती बाई यायची! मी चाट पडायचे.

"कसं कळते तुम्हाले, खाला?"

"पहिल्यांदा हात लावते ते कापडाले लावते. दुसऱ्यांदा लावते तवा ते रजई आपल्या घरात ठेवून पाहून राह्यली असते."

जो दारातूनच भाव विचारतो तो घ्यायला आलेला नसतो, घरी जाऊन सांगायला आलेला असतो. जो उशी दाबून पाहतो त्याची मान दुखते, त्याला आधी मानेचं विचारायचं. अशी त्यांची शास्त्रं होती. पण त्यांचा खरा जीव अडकायचा तो न बसता निघून गेलेल्या माणसात. "काहून गेला असन?" हा प्रश्न त्यांना जेवू द्यायचा नाही. एकदा एक माणूस पायरी चढला, आत पाहिलं आणि तसाच उतरला. खाला चप्पल घालून त्याच्या मागे थेट एसटी स्टँडवर! तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं आपल्या हातून काही मोडलं. विचारलं तर म्हणाला, "बाई, मले एकच उशी पाहिजे होती. तुमचं इतकं मोठं दुकान, एका उशीसाठी कसं विचाराव?" दुसऱ्या दिवसापासून दुकानाच्या दारात, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, एक एकटी उशी टांगलेली असायची. त्या वर्षी उशा किती गेल्या म्हणता!

हे सगळं बेस चाललं होतं असं वाटेल, पण नव्हतं. लोक फोमच्या गाद्या घ्यायला लागले होते. मशीन आठवड्यातून दोन दिवस चालायचं, मग एक दिवस. खालांचा एकुलता एक मुलगा सलीम अकोल्याला मोबाईलच्या शोरूममध्ये मॅनेजर. भला माणूस. मी त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही, त्या दिवसांत मनातल्या मनात बरंच बोलले असले तरी. बकरी ईदला आला आणि ओट्यावर बसून आईला म्हणाला, "अम्मी, आता बस झालं. रुईनं तुमची छाती भरली. खोकला ऐकवत नाही मले. मशीन भंगारात देऊ, दुकान भाड्यानं देऊ, तुम्ही चला अकोल्याले." भंगारवाल्याशी तो बोलूनसुद्धा आला होता.

खालांनी आकांडतांडव केलं नाही. म्हणाल्या, "दिवाळी होऊ दे. थंडीचं काम आलं नाही, तर मशीनचे नट मीच खोलून देईन तुले."

"पक्कं?"

"जबान हाय."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या क्लासमध्ये आल्या. शेजारी असून पहिल्यांदाच. खोळ घातलेल्या एका कॉम्प्युटरला थोपटत म्हणाल्या, "सुजा, तू ते बनवते ना, फोनातलं दुकान? मले बनवून दे. दिवाळीपर्यंत मले मशीन चालू ठेवाचं हाय." त्यांचे डोळे भरले होते. म्हटलं, खाला, बघाच आता.

आठ दिवसांत साइट उभी केली. पहिलं पान मखमली रजयांचं, दुसरं गाद्यांचं, तिसरं उशांचं. चौथं पान मी निव्वळ रिकामी जागा भरायला टाकलं, 'जुनी रुई पिंजून मिळेल'. मखमलीची कल्पना माझी. शहरात मखमल चालते, असं माझं ठाम मत.

"मखमल?" खाला म्हणाल्या. "ते तं अंगावरून घसरते."

"खाला, ऑनलाइनचं वेगळं असतं."

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा आणि किती रुबाबात बोलले आहे! आठवलं की आजही कान गरम होतात.

मग त्यांना आकडेवारीचं पान दाखवलं. साइटवर कोण आलं, किती वेळ थांबलं, ते तिथं दिसतं. त्यांनी ओढणीच्या टोकानं आधी माझी स्क्रीन पुसली, मग चष्मा पुसला, मग पाहिलं.

"म्हनजे हे सांगते कोण चढलं, कोणत्या गावचं होतं, किती वेळ थांबलं, कायले हात लावला, अन कुठून वापस गेलं?"

"हाव."

"अव माय! हे तं मी रोज ओट्यावर बसून करतो. यासाठी तू पुण्याले गेलती?"

पण त्या दिवसापासून त्या माझ्या सगळ्यांत चांगल्या विद्यार्थिनी झाल्या. इंग्रजी अक्षर येत नव्हतं, गरजही पडली नाही. एक पान पाहून निघून जाणाऱ्यांची टक्केवारी म्हणजे 'पायरीवरून वापस'. पुन्हा येणारे म्हणजे 'दुसऱ्यांदा हात लावणारे'. रोज संध्याकाळी ओट्यावर आधी खऱ्या दुकानाची माणसं व्हायची आणि मग फोनातल्या.

आणि फोनातली माणसं वाढायला लागली. आधी रोज वीस-पंचवीस, मग शंभर, मग दोनशे, मग तीनशेला टेकली. गावांची यादी पाहावी तर मुंबई, नागपूर, पुणे! मी जाहिरातही लावली होती, तिच्यावर कुणी बोट ठेवलं की आपल्याला पैसे पडतात आणि दिवसाची ठरलेली मर्यादा संपली की जाहिरात दिसेनाशी होते. ती सकाळी नऊलाच संपायची. म्हटलं, काय मागणी आहे! खालांनी गल्लीत पेढे वाटले. दुकानात ओट्यालगत मखमली रजयांची थप्पी छताला लागली.

फोन मात्र वाजेना.

एक महिना गेला, दोन गेले. एकही फोन नाही. मी खालांना समजावत होते, आधी नाव लोकांच्या कानावर पडतं, मग विश्वास बसतो, मग खरेदी. कंपनीतल्या मीटिंगमध्ये असंच बोलायचो आम्ही आणि सगळे माना डोलवायचे. खालांनी मान डोलवली नाही.

"हे थांबतात किती?"

"सरासरी... सहा सेकंद."

खालांनी बोटांवर सहा मोजले. मग म्हणाल्या, "सहा सेकंदात तं चप्पल बी निघत नाही. सुजा, तीनशे जण चढून राह्यले अन एक बी बसून नाही राह्यला, असं दुकान असते का कुठी? येतात कवा ते दाखव."

मी तासांचा आलेख काढला. रोज सकाळी आठच्या सुमारास एक उंचवटा. चहाची वेळ, ठीक. पण शुक्रवारी दुपारी दोनला हा एवढा डोंगर! मागच्या शुक्रवारी तेच. त्याच्या मागच्या शुक्रवारी तेच.

खालांनी चष्मा काढला. "मुंबईचे समदे लोकं शुक्रवारी दोन वाजताच रजया पाहातात काय?"

खाला उठल्या, ओट्यावर गेल्या आणि रस्त्यापलीकडे आवाज टाकला. समोरचे बांगडीवाले म्हणजे त्यांचे सख्खे मामा. रशीदमामू, ऐंशीला टेकलेले.

"मामू! मेरी साइट देखे क्या आज?"

"देखे ना!" मामू छाती फुगवून म्हणाले. "रोज चाय के बाद देखता. जुम्मे को नमाज के बाद सबके फोन खुलवाता मैं. इश्तिहार भी दबाता, वो जाहिरात, सात-सात बार!"

आता यातलं गौडबंगाल सांगते. खालांच्या बिरादरीत कुणी नवं दुकान उघडलं की प्रत्येक नातेवाइकानं येता-जाता पायरी चढून जायचं, अशी रीत. बरकत येते, आणि दुकान रिकामं दिसत नाही. खालांनी फोनात नवं दुकान उघडलं, म्हणून अख्खी बिरादरी इमानेइतबारे रोज पायरी चढत होती. जाहिरात आमच्याच लोकांची बोटं लागून सकाळी नऊला आटपत होती, खऱ्या गिऱ्हाइकाला ती दिसतच नव्हती. आणि मुंबई-नागपूरचं काय? मोबाईलचं इंटरनेट भलत्याच शहरातून आल्यासारखं नोंदलं जातं. माणूस असतो कारंज्याच्या बाजारात, दिसतो मुंबईत. हे मला माहीत होतं हो! पुण्यात नव्या पोरांना मीच हे शिकवत होते. पण तीनशेचा आकडा पाहून माझी मती गुंग झाली होती.

मला रडूच आलं. दिवाळी दीड महिन्यावर आली होती. मी खालांकडे पाहिलं, तर त्या हसत होत्या. आधी ओढणी तोंडात धरून, मग ओढणी सोडून. हसता हसता मखमली थप्पीला टेकल्या, तर थप्पी घसरली आणि त्या रजयांच्या ढिगावर बसत्या झाल्या. "मी म्हनलं होतं ना घसरते!" टाके घालणाऱ्या तिघी धावत आल्या आणि काय झालं हे न कळताच त्याही हसायला लागल्या. मग मलाही राहवेना.

पण खरी पंचाईत पुढेच होती. आपल्या माणसांना 'तुम्ही येऊ नका' सांगायचं कसं? मी म्हटलं, ग्रुपवर निरोप टाकू. खालांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन बाजूला ठेवला. "दुकानात येऊ नका म्हनू? चाळीस घरं तुटतीन."

त्यांनी पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर सगळ्यांना जेवायला बोलावलं. पुलाव, दालचा, वर शिरकुर्मा, ईद नसताना. जेवणं झाल्यावर उभ्या राहिल्या. मी दाराशी उभी. त्यांनी आधी सगळ्यांचे आभार मानले, मग म्हणाल्या, "मामू, तुम मेरे घर आते तो कौनसे दरवाजे से आते?"

"पिछले," मामू म्हणाले. "मैं क्या पराया है, जो सामने से आऊंगा?"

"तो फिर? फोन की दुकान में तुम सब सामने के दरवाजे से आ रहे. गिऱ्हाईक की लाइन में खड़े हो रहे. मेरे को शरम आती ना! घर के लोगां लाइन में?"

मामूंनी कपाळावर हात मारला. "अरे! ये तो गलती हो गई बेटी!"

त्या दुपारपासून बिरादरीतल्या एकाही माणसानं साइट उघडली नाही. मामूंनी तर आपल्या फोनातून जाहिरात दिसू नये म्हणून फोन उपडा ठेवायला सुरुवात केली. मी पुण्यात मोठमोठ्या पगाराची माणसं पाहिली आहेत, आकड्यांतून घरची माणसं वजा करायला त्यांना आठवडे लागायचे. खालांनी ते एका पुलावात केलं.

दुसऱ्या दिवशी आकडा आला अकरा.

तीनशेवरून अकरा! मी मान खाली घालून आकडा सांगितला. खालांचा चेहरा मात्र उजळला. "अकरा खरे हायत ना? चाल, एकेकाले पाहू."

आम्ही एकेकाला पाहिलं. मखमलीच्या पानावर पाच जण चढले आणि पायरीवरून वापस. गाद्यांचं, उशांचं तेच. पण त्या चौथ्या पानावर, जे मी जागा भरायला टाकलं होतं, त्या 'जुनी रुई पिंजून मिळेल'वर लोक थांबत होते. दोन-दोन, तीन-तीन मिनिटं. आणि तिथूनच निघून जात होते. त्यातलं एक माणूस, गाव मुंबई, रोज दुपारी यायचं, तेच पान उघडायचं, चार मिनिटं राहायचं आणि जायचं. मागचे दिवस काढून पाहिले, तर सलग पाच दिवस.

"बाई हाय ते," खाला म्हणाल्या. बाई कशावरून, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. "त्या पानावर आपला नंबर कुठी हाय?"

मी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. नंबर नव्हता. मी तो फक्त पहिल्या पानावर टाकला होता.

खालांना मी रागावलेलं फार वेळा पाहिलं नाही. त्या दिवशी पाहिलं. "पाच दिवस झाले, सुजा. पाच दिवस ते बाई आपल्या दारात उभी हाय, अन आपन तिले बस म्हनलं नाही!" त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मजकूर त्यांनीच सांगितला, मी फक्त टाइप केलं. 'जुनी गादी टाकून देऊ नका. खोळ उसवा, रुई पोत्यात भरा, एसटीच्या पार्सलनं पाठवा. नाहीतर आधी फोन करा, आपण बोलू. हसणार नाही.' त्याखाली भला मोठा नंबर.

"हसणार नाही, हे कायले खाला?"

"जुनी वस्तू घेऊन येणारं मानूस आधी लाजते."

मग आम्ही वाट पाहिली. मखमलीची जाहिरात काढून जुन्या रुईची लावली. यंत्राच्या मुंबईचा भरवसा नाही असं मी सांगितलं, तरी मुंबईची बाई फोन करणार म्हणून खाला माझ्याकडून पुस्तकी मराठी घोटून घेत होत्या. "नमस्कार. आपण कुठून बोलत आहात? आपली काय सेवा करू?" टाके घालता घालता मागच्या तिघींचंही पाठ झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. खालांनी घसा साफ केला. "नमस्कार. आपण कुठून बोलत आहात?"

पलीकडून बारीक आवाज आला, "मी जऊळक्याची हो बाई. टेसनाच्या पलीकडं राहातो."

"मुंबईच्या नाही तुमी?"

"मुंबई? मी तं वाशीमच्या पुढं बी कवा गेली नाही!"

"अव माय!" खाला ओरडल्या, "तू तं घरचीच निघाली! बोल, बोल!" पुस्तकी मराठी तिथंच संपलं.

ती बाई बोलत राहिली, खाला ऐकत राहिल्या. लग्नात वडिलांनी घरच्या कापसाची गादी भरून दिली होती. आता ती दगडासारखी झाली, पोरं म्हणतात जाळून टाक, फोमची आणली आहे, तिच्यावर कंबर धरते. नातीच्या फोनात एक दिवस खालांचं पान दिसलं. "रोज पाहात होतो. पन इतक्या जुन्या गादीले लोकं हसतीन, म्हनून..." आणि इकडे ज्यांचा आवाज तीन दुकानांना ऐकू जायचा त्या खाला अगदी हळू म्हणाल्या, "कोणी हसत नाही. घेऊन ये. त्यातली एक चिमूट बी बदलवणार नाही मी."

ती दोन पोती घेऊन एसटीनं आली. मशीन सुरू झालं. कळकट, गोळे झालेली रुई एका बाजूनं गेली आणि दुसऱ्या बाजूनं पांढरी, फुगलेली बाहेर आली, तेव्हा ती बाई त्या ढिगात दोन्ही हात घालून उभीच राहिली. माझ्या नऊ कॉम्प्युटरांवर लव उतरत होती. त्या दिवशी मी क्लासला सुट्टी दिली.

तिथून पुढं पोती यायला लागली. अमरावती, यवतमाळ, नागपूर, खरंखुरं नागपूर. अकराचे तीस झाले, तिसाचे पन्नास. आकडा छोटाच होता, पण माणसं बसत होती. कोणत्या शब्दापाशी लोक थबकतात ते पाहून खाला मजकूर बदलायला लावायच्या. 'पिंजून मिळेल'ऐवजी 'परत जिवंत करून मिळेल' लिहायला लावलं, तेव्हा मी नाक मुरडलं. आठवड्यात फोन दुप्पट. मी नाक जागेवर आणलं.

दिवाळी झाली आणि ठरल्याप्रमाणे सलीम टेंपो आणि भंगारवाला घेऊन आला. त्याला आम्ही काहीच कळवलं नव्हतं, खालांचा हट्ट. "सांगून कायले? येऊन पाहीन." दारात आला तर आत जायला वाट नाही. ओट्यावर पोती, पायरीवर पोती, प्रत्येकाला गावाच्या नावाची चिठ्ठी. मशीन धडधडतंय, खाला रुईनं नखशिखांत पांढऱ्या.

"अम्मी, टेंपो आणला," सलीम ओरडून म्हणाला.

"बरं केलं!" खाला त्याहून मोठ्यानं म्हणाल्या. "स्टँडवर सात पोती येऊन पडली हायत, घेऊन ये!"

सलीम उभाच. भंगारवाला मात्र व्यवहारी माणूस. त्यानं मशीनला एक चक्कर मारली, मग पिंजलेल्या रुईत हात घातला, दाबला, सोडला. रुई वर आली. पुन्हा दाबला. खाला मला डोळ्यांनी खुणावत होत्या, दुसऱ्यांदा हात लावला बघ. तो म्हणाला, "चाची, हमारे घर में चार गाद्या पड़ी है पुरानी. लाऊं क्या?"

सलीम हसला नाही. पोत्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत एका कोपऱ्यात बसून राहिला. मग म्हणाला, "पण तो खोकला, अम्मी?" पुढच्या आठवड्यात येऊन त्यानं मागच्या भिंतीला मोठा एक्झॉस्ट पंखा बसवला, सगळ्यांना तोंडाला बांधायला मास्क आणले. खालांनी मास्क दोन दिवस नाकावर घातला, मग हनुवटीवर. सलीमनं अकोल्याहून व्हिडिओ कॉल करून तो वर करायला लावला. हे भांडण अजून चालू आहे.

मी पुढच्या वर्षी वाशीमला आले, एका प्रशिक्षण केंद्रात नोकरी लागली म्हणून. खालांना शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात, वाशीमच्याच रेल्वे स्टेशनवर. सकाळी फोन आला, "सुजा, तू टेसनावर येजो. मले डब्बा समजत नाही." हिंगोलीकडची एक बाई मुलीच्या बाळंतपणासाठी रेल्वेनं अमरावतीला चालली होती. तिनं आपल्या जुन्या गादीची रुई पाठवली होती, येणाऱ्या बाळासाठी छोटी गादी आणि दुपटी करायला. पार्सल वेळेत पोचणार नाही म्हणून खाला गाडीतच हातोहात द्यायला आल्या होत्या. सोबत गठ्ठा खांद्यावर घेतलेला सलीम, रजा टाकून.

गाडी लागली. आम्ही तिघं डब्यांमागून डबे धावलो. एका दारात एक बाई वाकून हात हलवत होती. "हमीदाखाला?"

"हाव, हाव!"

सलीमनं गठ्ठा आत दिला. बाईनं तिथंच गाठ सोडून गादीवर तळवा टेकवला आणि डोळे पुसले. गाडी हलली. आता सुखरूप जा वगैरे म्हणायची वेळ, तर खाला गाडीबरोबर चालत ओरडल्या, "बाई, एक सांगा! तुमी आमच्या पानावर सहा मिनिटं थांबल्या होत्या. कायले?"

बाईला आधी कळेना. मग गाडीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "तो मशीनचा फोटो आहे ना, त्यात कोपऱ्यात तुमचे हात आलेत! माझी आई अशीच रुई धरायची!"

गाडी निघून गेली. तो फोटो मीच घाईत काढला होता. हात मधे आलेत, कोपरा कापून टाकू, असं मी तेव्हा म्हणाले होते, आणि मग आळसानं तसाच ठेवला होता. खाला कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या. अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अन तू ते हात कापून राह्यली होती, शहाणे!" आणि हसायला लागल्या. मीही हसत होते, आणि मला रडूही येत होतं, दोन्ही एकदम. म्हटलं, खाला, घरी चला, जेवून जा.

त्या "चाल" म्हणणार तेवढ्यात सलीम मधे आला. त्यानं घड्याळ पाहिलं आणि आईचा दंड धरून तिला जिन्याकडे वळवलं.

"नंतर येऊ, ताई. चला अम्मी, मशीन सकाळपासून बंद ठेवलेलं हाय."